हाकेविना उठलेला माणूस

कॅरिगबेग, गॉलवे परगणा
८ जानेवारी १९७९

प्रिय बाबीन,

तुझं नाताळचं कार्ड पोचलं. त्यावर बर्फ आणि घोडागाडी छापलीय. तुमच्या कॅलिफोर्नियात बर्फ पडत नाही हे मला माहीत आहे, त्यामुळे तुला कोणीतरी पाठवलेलं कार्ड तू मला पुढे सारलंस की काय, असं दोन दिवस वाटत राहिलं. तसं नसेलही. मी उगाच शंका काढतो असं विनी म्हणते. विनी म्हणजे इथलं पोस्ट आणि दुकान चालवणारी बाई. तू गाव सोडलंस तेव्हा ती जन्मलीही नव्हती.

पत्राला कारण आहे. माझ्या उजव्या बरगडीखाली वर्षभर दुखतंय. गॉलवेच्या इस्पितळातला सर्जन म्हणतो, पित्ताच्या पिशवीत खडे झालेत, पिशवी काढली नाही तर जिवावर बेतेल. सहा मार्चला ये म्हणाला. मी विचारलं, कशावर झोपवणार? तो म्हणाला, कशावर म्हणजे? टेबलावर. मी टोपी उचलली आणि बाहेर आलो.

का, ते तुला माहीत आहे. विसरली असशील म्हणून सगळं लिहितो. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा मागचं पुढे झालं तर सांभाळून घे.

१९५० चा सप्टेंबर. तुझी सिनेमाची मंडळी तीन आठवडे इथं मुक्कामाला होती. त्यांनी कॉनीलीच्या घरावरचा चांगला गवताचा शाकार उतरवून जुनाट दिसणारा नवा शाकार चढवला, आणि तो पहिल्याच वादळात उडाला. त्या सिनेमात तू नवऱ्याच्या मढ्यावर विलाप म्हणणार होतीस. तो भाग पुढे अमेरिकेत घ्यायचा होता, आणि तिथल्या कोणा पियानोवाल्यानं त्याची चालही बांधून दिली होती. तू आमच्या स्वयंपाकघरात येऊन ती आईला म्हणून दाखवलीस. आई म्हणाली, "हे तर गाय बाजाराला काढल्यासारखं वाटतंय." मग तू म्हणालीस, मला खरा विलाप शिकव.

माझी आई या भागात विलाप म्हणणारी शेवटची बाई. लांबच्या गावांहून तिला न्यायला गाडी यायची. फादरनं चर्चमध्ये उभं राहून तो प्रकार बंद करायला सांगितला, तेव्हापासून ती गप्प होती. ती तुला म्हणाली, समोर मढं नसेल तर माझी जीभ उठत नाही. तुम्ही दोघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी कोपऱ्यात बूट काढत होतो.

त्रेचाळीस वर्षांचा धडधाकट माणूस मी. आईनं स्वतःच्या मरणासाठी पेटीत जपून ठेवलेला तपकिरी झगा माझ्या अंगावर चढवला आणि मला टेबलावर निजवलं. हातात जपमाळ गुंतवली. झगा गुडघ्यापर्यंतच आला. मग ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "बार्टली, हलू नकोस. जिवंत माणसावर विलाप म्हटला की त्याला परत बोलवावं लागतं. जिनं म्हटला तिनंच तोंडानं, पुरत्या नावानं, तीन हाका मारायच्या. तोवर पडून राहायचं." पुरतं नाव म्हणजे सरकारी कागदावरचं मल्करिन हे आडनाव नव्हे. इथलं नाव. बार्टली मायकेल टॉम. आपलं, बापाचं, आज्याचं.

आधी आईनं म्हटलं, मग तू. मधे एक कोंबडी माझ्या पोटावरून चालत गेली, तरी मी हललो नाही. तू काय काय म्हणालीस ते मी इथं लिहीत नाही. माझ्या डोळ्यांतलं पाणी दोन्ही कानांत उतरलं आणि पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही, एवढं सांगतो.

तेवढ्यात बाहेर तुमच्या गाडीचा भोंगा वाजला. तू उठलीस, शाल ओढलीस आणि गेलीस. आई तुला गडग्यापर्यंत पोचवायला गेली. मी वाट बघत पडलो. धारा काढायची वेळ झाली तेव्हा आई म्हणाली, "अरे, अजून पडलायस? गाई हंबरताहेत." मी आपला उठलो.

हाकेविना उठलो, बाबीन. त्या हिवाळ्यात तांबडी गाय कड्यावरून पडली. पुढच्या वर्षी ऑनर लिडनशी माझं ठरलेलं मोडलं, ती बॉस्टनला गेली. होडीची तळफळी फुटली. पुढचे दोन दात गेले. आईला विचारलं की ती म्हणायची, कामाला लाग. आता तूच सांग, ज्याच्यावर एकदा विलाप होऊन गेलाय आणि ज्याला कोणी परत बोलावलेलं नाही, असा माणूस दुसऱ्यांदा टेबलावर निजला तर उठेल का?

विनीच्या दुकानात फोन आहे. नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय. तीन हाका मार. फार वेळ लागणार नाही. मग मी सहा तारखेला खुशाल जाईन.

तुझा,
बार्टली


सांता मोनिका
२७ जानेवारी १९७९

प्रिय बार्टली,

ते कार्ड मी दुकानात जाऊन, निवडून घेतलं होतं. ती शंका मिटली असं समज.

तुझं पत्र वाचताना कोंबडीपाशी आले आणि हसू आवरेना. ती काळी होती, मानेवर पिसं नसलेली. मी डोळे मिटून रडत होते असं तुला वाटलं असेल. एक डोळा तिच्यावर होता.

हल्ली मला तिकडचंच जास्त आठवतं. मी निघाले त्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरी माणसं जमली होती, मी मेल्यासारखी. नाचले, जेवले, आणि मग म्हाताऱ्या बायका माझे हात धरून रडल्या. अमेरिकेला जाणारीसाठी रडतात तसं. मी तर तेव्हा डब्लिनपर्यंतच चालले होते, एका दातांच्या डॉक्टरकडे मोलकरीण म्हणून. पण त्या बायकांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. डॉक्टरच्या बायकोनं मला रविवारच्या नाटकमंडळीत नेलं, तिथून लंडन, तिथून बोट. तू माझी पेटी गाढवावर लादून मोटाररस्त्यापर्यंत आला होतास. सगळा रस्ता एकच गोष्ट बोललास: पेटीचं कुलूप नीट लागत नाही.

इथं आल्यावर स्टुडिओनं छापलं की मी जहाजाच्या कप्तानाची मुलगी. माझा बाप. ज्याला होडीत पाय ठेवला की ओकारी यायची. मग एक बाई नेमली, तिनं दातांत बूच धरायला लावून दोन वर्षं माझी बोली घासून काढली. ती पुरती गेली तेव्हा पहिलं काम मिळालं: आयरिश मोलकरणीचं. दिग्दर्शक म्हणाला, तुझं बोलणं आयरिश वाटत नाही. मग मला आयरिश बोलायला शिकवण्यासाठी शिकागोहून एक माणूस आणला. त्यानं शिकवलेलं मी चौतीस सिनेमांत बोलले. त्यांतल्या एकोणिसांत मेले, सहांत नन होते. एकदा तर शुक्रवारी क्षयानं मेले आणि सोमवारी शेजारच्या सेटवर माझं लग्न लागलं. खरी लग्नं दोन झाली. ती एवढी नीट कोणी लिहून दिली नव्हती.

चेहरा माझा बरा होता, पण कॅमेरावाला नेहमी म्हणायचा, हिला डावीकडून घ्या. आवाजाला डावं-उजवं नव्हतं. मी भाजीबाजारात नुसतं "अर्धा डझन लिंबं" म्हटलं तरी माणसं वळून बघायची. कोणी नाव विचारायचं नाही. आवाज पुरायचा.

आता तुझं काम. फोनचं म्हणशील तर माझा फोन महिनाभर बिघडलाय. शिवाय डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलंय. घसा बसलाय, विशेष काही नाही. म्हणून हाका मी इथं लिहून देते. बार्टली मायकेल टॉम, परत ये. बार्टली मायकेल टॉम, परत ये. बार्टली मायकेल टॉम, परत ये. माझ्या हाताची सही खाली आहे. हे पत्र उशाशी ठेव आणि सहा तारखेला जा. वेडेपणा करू नकोस.

तुझी,
बाबीन


कॅरिगबेग
१३ फेब्रुवारी १९७९

प्रिय बाबीन,

तुझं पत्र मिळालं. कागदानं चालत नाही. आई म्हणाली होती, तोंडानं. तिला लिहिता येत नव्हतं हे खरं, म्हणून कागदाचं तिला सुचलं नसेल, असं विनी म्हणते. पण मी असल्या बाबतीत पळवाट काढणार नाही.

एवढी मोठी नटी तू, आणि तुझा फोन महिनाभर बिघडलेला असतो. बरं. घसा बसलाय म्हणतेस. माझाही बसतो, तरी मी कुत्र्याला हाक मारतोच. तुला आमच्याशी दुकानातल्या फोनवर, सगळ्यांदेखत बोलायची लाज वाटत असेल तर तसं सरळ लिही. मला राग येणार नाही. आलाय थोडा.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, आज सांगतो. तो सिनेमा दोन वर्षांनी क्लिफ्डनच्या हॉलमध्ये लागला. फादर बदलला होता, म्हणून आईला घेऊन गेलो. अर्धं गाव होतं. सुरुवातीला सगळे हसत होते, कारण पडद्यावर कॉनीलीचं घर आणि त्यात राहणारा इंग्रज दिसणारा नवरा. मग तो मेला आणि तू विलाप सुरू केलास. हॉलमधल्या पुरुषांनी टोप्या काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं. तू एक ओळ म्हटलीस आणि थांबलीस, आणि आईनं खुर्चीवरून मोठ्यानं जबाब दिला. विलापाला बायकांनी जबाब द्यायचा असतो, तिला राहवलं नाही. पुढच्या ओळीला मागच्या तीन रांगांनी दिला. पडद्यावर तू, खाली आम्ही. मधेच तो भाग संपून घोड्यांची शर्यत सुरू झाली, पण ती कोणी बघितली नाही. लोक उठून आईकडे यायला लागले, हात हातात घेऊन "तुमच्या दुःखात आम्ही आहोत" म्हणायला लागले. सवयच ती. आणि मी तिच्याशेजारी बसलेलो, म्हणून माझाही हात धरून म्हणाले, "वाईट झालं, बार्टली."

कोण गेलं ते एकालाही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. माझ्याच मरणाचं सांत्वन मी तीसेक माणसांकडून बसल्या जागी घेतलं. घरी येताना आई एवढंच म्हणाली, "पोरगी बरी शिकली."

सहा मार्च मी रद्द केलाय. सर्जनची नर्स फोनवर विनीला बरंच बोलली. टपालवाले सोमवारपासून संपावर जाणार म्हणतात, टेलिफोनवालेही. तेव्हा जे करायचं ते लवकर कर. दुखणं आता पाठीत जातं. बटाटे गिळता येतात, लोणी लावलेले येत नाहीत.

बार्टली


सांता मोनिका
३ मार्च १९७९

(हे पत्र आयर्लंडला पोचलं नाही. तिकडचं टपाल बंद असल्याचा शिक्का मारून अमेरिकेतल्या पोस्टानं ते पाठवणारीला परत केलं.)

प्रिय बार्टली,

तुला खोटं लिहिलं. माझा फोन चांगला आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली. गळ्याला खाली भोक आहे, मी त्यातून श्वास घेते आणि वरून रुमाल बांधते. कोणाला कळवलं नाही. ज्या वर्तमानपत्रांनी कप्तानाची मुलगी छापली त्यांना तर मुळीच नाही.

बोलता येतं, पण कसं ते ऐक. हवा गिळायची आणि ढेकरेवर शब्द चढवून बाहेर काढायचा. हे मला एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर शिकवतो, त्याचीही पेटी काढलीय. तो म्हणतो मी चांगली विद्यार्थिनी आहे. एका दमात दोन शब्द येतात, फार तर तीन. आवाज म्हणशील तर खडीवरून ओढलेली पेटी. मी बाजारात आता बोट दाखवून लिंबं घेते. तुला या आवाजात हाक मारायची नव्हती, बार्टली. तुझ्या कानात माझा एक आवाज आहे. तो जगात आता फक्त सिनेमांत आणि तिथं उरलाय.

पण तुझं फेब्रुवारीतलं पत्र वाचलं, क्लिफ्डनचं, आणि आता सगळंच सांगते. तुला कोणी बोलवायची गरजच नाही. त्या दिवशी गडग्यापाशी मी तुझ्या आईला म्हटलं, थांब, मी परत जाऊन त्याला हाक मारून येते. ती म्हणाली, "कसली हाक? जन्मापासून चुळबुळ्या आहे तो. गप पडावा म्हणून काहीतरी सांगितलं मी. पडू दे संध्याकाळपर्यंत, तेवढीच विश्रांती." आणि आम्ही दोघी तिथं उभ्या राहून हसलो. तिच्या नंतर लक्षातही राहिलं नसेल. तुझी गाय वाऱ्यानं पडली. ऑनर लिडन तशीही बॉस्टनला जाणारच होती, तिनं मला सेटवर सांगितलं होतं.

आणखी एक. त्या दिवशी तुझ्या आईनं शिकवलेल्या ओळी मी म्हटल्याच नाहीत. तिनं खुणावलं, पण मला आठवेनात. "हा रस्ता तुझी चाल ओळखायचा, आता तो कोणाला ओळखेल; माझी पेटी वाहणारे हात बांधून ठेवलेत, आता मी कुठल्या गावाहून निघू" हे माझं मी म्हटलं. तिला ते कळलं होतं. सिनेमात मी तिच्या ओळी म्हटल्या. त्या बऱ्या होत्या, पण त्या शिकलेल्या होत्या.

सहा तारीख गेली तर गेली, दुसरी घे.

तुझी,
बाबीन


कॅरिगबेग पोस्ट
२९ जून १९७९

मिस बार्बरा लिसमोर यांना,

तुम्हाला बाबीन म्हणावं की सिनेमातल्या नावानं मिस लिसमोर, मला ठरवता येत नाही, तेव्हा वरचं चालवून घ्या. मी विनी, इथलं पोस्ट बघते. सव्वाचार महिन्यांनी परवा टपाल सुरू झालं. पोत्यांतून मी सगळ्यांत आधी तुमचं पत्र शोधलं. नव्हतं. बार्टली रोज दारात उभा असायचा, बंद पोस्टाच्या. मी म्हणायची, अरे संप आहे. तो म्हणायचा, संप तिच्या बाजूला नाही ना?

माणूस पिवळा पडलाय. कुंपणावरच्या काटेरी झुडपांना फुलं येतात ना, तसा. मे महिन्यात दोनदा कळ येऊन पडला. डॉक्टर दारात आला, तो म्हणतो आता आठवड्यांचा प्रश्न आहे. तरी हा जात नाही. विचारलं तर टेबलाचं काहीतरी सांगतो, आणि तुम्ही हाक मारायची आहे म्हणतो. गावात निम्मे हसतात. माझी सासू हसत नाही.

फोन आता चालू आहे. मला यातलं काही कळत नाही, पण तुम्ही फोन केलात तर मी त्याला हाताला धरून इस्पितळात नेईन, एवढं कळतं.

आपली,
विनी कोअर


सांता मोनिका
९ जुलै १९७९

प्रिय विनी,

बाबीनच म्हणा. त्या नावानं मला आता तुमच्या गावाबाहेर कोणी ओळखत नाही.

बावीस तारखेला, रविवारी, तुमच्या संध्याकाळी सहाला मी फोन करीन. त्याला आणून बसवा. दुकानात दुसरं कोणी नसेल असं बघा.

फोन उचललात की आधी काही ऐकू येणार नाही. थांबा. मग जे येईल त्याला घाबरू नका, आणि ठेवून देऊ नका. माझा आवाज गेलाय. जे उरलंय त्यात मी बोलणार आहे. त्यानं विचारलं तर लाइन खराब आहे म्हणा.

त्याला मार्चमध्ये लिहिलेलं एक पत्र परत येऊन माझ्यापाशी पडलंय. ते धाडलं असतं तर फोन करावा लागला नसता, माझं सगळं सोपं झालं असतं. तुमचं पत्र आल्यापासून दोनदा त्याला नवं पाकीट घातलं. पण त्यात त्याची आई खोटी पडते, आणि एकोणतीस वर्षं तो ज्याला भ्याला ते काहीच नव्हतं असं निघतं. एवढ्या आजारी माणसाच्या हातात तसा कागद देऊन, आता टेबलावर जाऊन नीज, असं मला म्हणवत नाही. तेव्हा हाक मारते. नाव मोठं आहे. मी रोज सकाळी सराव करतेय. टॉमपर्यंत पोचते कधीकधी.

तुमची,
बाबीन


कॅरिगबेग
२० ऑगस्ट १९७९

प्रिय बाबीन,

काल घरी आलो. पित्ताची पिशवी गेली, अकरा खडे निघाले. सर्जननं ते बाटलीत घालून दिले. मी बाटली कपाटावर ठेवलीय, विनी म्हणते झाकून ठेव, माणसं चहा पितात तिथं. इस्पितळात बाराव्या दिवशी लोणी खाल्लं. वॉर्डातला शेजारी घोरायचा आणि खिडकीतून वारा यायचा, पण त्याचं आता काय. टेबल लोखंडी होतं. आमच्यासारखं लाकडी नव्हतं, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर.

फेब्रुवारीत मी तुला जे लिहिलं ते फाडून टाक. फाडलंस की कळव.

तू सांगितलं होतंस, दुकानात कोणी नको. विनीनं कोणालाही सांगितलं नाही, फक्त सासूला सांगितलं. सहाला दहा मिनिटं कमी असताना नऊ माणसांना एकदम काड्यापेटी हवी झाली. रविवारी. विनीनं सगळ्यांना फळीकडे तोंड करून उभं केलं. नऊ जण पाठमोरे, चहाचे पुडे वाचत. मी फोनपाशी पोत्यावर बसलो. टोपी काढू की नको कळेना, मग काढली.

फोन वाजला. विनीनं उचलला, ऐकलं, आणि तिचा चेहरा बदलला. माझ्या हातात देत म्हणाली, "लाइन खराब आहे, बार्टली." मी कानाला लावला. आधी वाटलं, रस्त्यानं कोणी पेटी ओढत नेतंय. मग त्यातून बार्टली निघालं. मग बराच वेळ काही नाही, नुसती हवा. मग मायकेल. टॉमला तुला तिसरा श्वास घ्यावा लागला.

मी लहानपणापासून डोंगरावर मेंढ्यांना हाका मारतोय. खराब लाइन आणि खराब घसा यांतला फरक मला कळतो. तुला काय झालंय ते मी विचारत नाही. तू लिहिलं नाहीस म्हणजे लिहायचं नव्हतं. इतकंच सांगतो, गळ्याला वारा लागू देऊ नकोस, तुमच्याकडे समुद्राकडून वारा येतो असं ऐकलंय, आणि फोन जमत नाही असं तू सरळ म्हटलं असतंस तर मी कागदावर भागवून घेतलं असतं. नसतं घेतलं. पण तू म्हणून बघायचं होतंस.

दुसरी हाक पहिलीपेक्षा बरी आली. तिसरीला बार्टली ऐकूच आलं नाही, मायकेल अर्धं आलं, टॉम आलं. मी बाकीचं धरलं. मग मी "आलो" म्हटलं. बहुतेक फार मोठ्यानं म्हटलं, कारण नऊच्या नऊ जण वळले. विनीची सासू फळीला धरून रडत होती. तिचा नवरा म्हणाला, "काय झालं? कोण गेलं?" ती म्हणाली, "गप बसा, कोणी गेलं नाही. आलंय."

त्यानंतर तू आणखी काहीतरी बोललीस. मोठं होतं, चार-पाच श्वासांचं. ते मला कळलं नाही. रस्त्याचं काहीतरी होतं का? मी पुन्हा विचारणार होतो, पण तुला किती कष्ट पडत होते ते ऐकू येत होतं, म्हणून मी "हो" म्हटलं. कशाला हो म्हटलं ते तुला माहीत.

मग तुझ्याकडून खट्ट झालं. मी तसाच कानाला लावून बसलो. माणसं काड्यापेट्या न घेताच निघून गेली. थोड्या वेळानं विनी म्हणाली, "बार्टली, ठेव आता. तिकडे कोणी नाही."

मी म्हटलं, "असू दे."

तुझा,
बार्टली मायकेल टॉम